मूळ संख्या ९६८९

मुंबई सरकारच्या विकास-खात्याने १९२० नंतरच्या दशकात वरळी येथे १२१ चाळी उभारल्या. त्याच वरळीच्या बीडीडी चाळी. एका चाळीस तळमजल्यासह चार मजले व प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. म्हणजे एकूण ९६८० खोल्या व्हाव्यात. म्हाडाच्या पुनर्विकास योजनेत मात्र गाळ्यांची संख्या ९६८९ आहे. नऊंची ही वाढ व्यवहारात किरकोळ असली, तरी अंकगणितात तिने सारेच पालटते. ९६८० ही २, ५ व ११ एवढ्याच मूळ संख्यांपासून बनते. उलट ९६८९ ही स्वतःच मूळ संख्या आहे. ज्यास पडताळा पाहावयाचा असेल, त्यास ९७ पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे आहे.

योगायोग येथेच संपत नाही. २च्या ९६८९व्या घातातून १ वजा केला असता येणारी २९१७ अंकी संख्याही मूळ आहे. तिला म म्हणू. इलिनॉय विद्यापीठातील डोनल्ड गिलीस यांनी इलियाक-२ या गणकयंत्राच्या साहाय्याने १९६३ साली हे सिद्ध केले.

अशी संख्या मूळ असण्यास घातांक मूळ असावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. १२१चे वर्गमूळ ११ हेच पाहा. २चा अकरावा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. हा २३ अकस्मात आलेला नाही. घातांक प (३हून मोठा) मूळ असून त्यास ४ने भागता बाकी ३ उरत असेल, आणि २प+१ हीही मूळ असेल, तर २प+१ने त्या संख्येस निःशेष भाग जातोच.

आता ९६८९ची दुप्पट अधिक एक म्हणजे १९३७९, आणि तीही मूळ आहे! तरी म वाचते, कारण ९६८९ला ४ने भागता बाकी १ उरते. त्यामुळे १९३७९ला ८ने भागता बाकी ३ येते. अशा मूळ संख्येच्या संदर्भात २ हा वर्गशेष नसतो. म्हणून ऑयलरच्या कसोटीनुसार २च्या ९६८९व्या घातास १९३७९ने भागता बाकी उणे १ राहते. भाग जातो तो घात अधिक १ला, घात उणे १ला नव्हे. त्याच बाकी १मुळे ९६८९ ही दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच रीतीने मांडता येते: ९२चा वर्ग अधिक ३५चा वर्ग.

एक भाजक टळला म्हणजे सारे टळले असे नाही. मचा कोणताही मूळ भाजक १९३७८क+१ या रूपाचाच असणार हे खरे; परंतु तेवढेही भाजक एकेक करून तपासणे कोणत्याही यंत्रास शक्य नाही. म्हणून ल्यूका-लेमर कसोटी. ४पासून आरंभ करून वर्ग करावा, २ वजा करावेत, मने भागून बाकी ठेवावी. ९६८७ वेळा असे केल्यावर बाकी शून्य येते. अकराच्या बाबतीत हीच क्रिया नऊ वेळा केल्यावर १७३६ उरतात. २०४७ मूळ नव्हे एवढे त्यावरून ठरते. २३ व ८९ मात्र त्या १७३६मध्ये कोठेही दिसत नाहीत.