पात्यावरचा लांडगा

बारामती-इंदापूरच्या माळावर लांडगे आहेत हे आपल्या हॉस्टेलवर बहुतेकांना माहीत आहे. पण इथल्या एखाद्या जुन्या वाड्यातल्या तलवारीवरही लांडगा सापडू शकतो, आणि तो चक्क जर्मन असतो!

‘फिरंग’ हा शब्द तुम्ही शाळेत ऐकला असेल. (आमची शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मला तो इथे आल्यावर कळला.) फिरंग म्हणजे पाते युरोपातले आणि मूठ आपली. सोळाव्या-सतराव्या शतकात अशी सरळ, लांब पाती पोर्तुगीजांच्या जहाजांतून बंदरात उतरत आणि घाट चढून वर येत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, तो काळ याच तलवारींचा. म्हणून लोक सरसकट ‘पोर्तुगीज तलवार’ म्हणतात. पण आणणारा पोर्तुगीज म्हणजे बनवणारा पोर्तुगीज असे थोडेच आहे? पुष्कळ पाती जर्मनीतल्या झोलिंगेनची. चाकू-कात्र्यांसाठी ते गाव आजही प्रसिद्ध आहे.

मग ओळखायचे कसे? खुणांवरून. लांडगा म्हणजे फक्त चार-सहा रेघा, बालवाडीतल्या पोराने काढल्यासारख्या. पात्यावर कोरून त्यात पितळ ठोकलेले असते. ही खूण मूळची पासाऊ गावच्या कारागिरांची. त्यांच्या मालाचे नाव झाले तशी झोलिंगेनवाल्यांनीही तीच मारायला सुरुवात केली. डुप्लिकेटचा धंदा तेव्हाही जोरात होता! ‘आंद्रेआ फेरारा’ हा इटालियन कारागीर, पण त्याचे नाव असलेली कितीतरी पाती झोलिंगेनला बनली. आपल्याकडच्या लोहारांनीही युरोपियन खुणांच्या नकला केल्या. कधी लांडग्याशेजारी १४१४ असा आकडा असतो. ते साल नव्हे, ताइतासारखा शुभ आकडा.

कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५ च्या सुमारास प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली ‘जगदंबा’ तलवार लंडनच्या राजसंग्रहात आहे. तिच्या पात्यावर ‘आयएचएस’ अशी अक्षरे आहेत. ही अक्षरे मी शाळेच्या चॅपलमध्ये रोज बघत होतो. येशूच्या ग्रीक नावातली ती पहिली तीन अक्षरे. म्हणजे पाते युरोपियन हे कळले, कारागीर नाही.

शिकारीच्या जुन्या जर्मन बंदुकांचेही तसेच. १८९१ च्या कायद्याने तिथे नळीची चाचणी सक्तीची झाली. मुकुट आणि त्याखाली अक्षर हा शिक्का चाचणीचा, बनवणाऱ्याचा नव्हे. ‘क्रुप’ लिहिले असेल तर ते नळीच्या पोलादाबद्दल. मेकॅनिकलवाल्यांनी तरी मटेरियल आणि मेकर यांत गल्लत करू नये.

आता मुद्द्याचे. खंडेनवमीला घरोघरी तलवारी निघतात. एका मित्राच्या गावी त्याचे काका पूजेआधी पाते पॉलिश पेपरने घासून चकाचक करत होते. मुठीपासून वीतभर अंतरावर दोन अर्धवट रेघा उरल्या होत्या. तो लांडगा होता की दुसरे काही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. चिंच आणि राखही तेच काम करते, जरा सावकाश. तेव्हा यंदा गावी गेलात तर सुती फडक्याने मशीनचे तेल लावा, बस्स. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरका धरा, म्हणजे पुसट खूणही सावलीने उठून दिसते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मुठीजवळ रिव्हेट मारलेल्या पट्ट्या असतात, खूण कधी त्यांच्याखाली लपलेली असते. त्या मात्र उचकटू नका, आजोबा ओरडतील.