काळ्या मातीवरचा पांढरा बगळा

पहाटे ५.३०. जानेवारीतली थंडी हाडापर्यंत जाते. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या बसस्थानकाजवळ चहा घेऊन आम्ही सहा जण निघतो. वन्यजीवांचे फोटो काढायला शिकणारे पाच जण आहेत : गावातल्या एक शिक्षिका, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तरुण, यवतमाळची कॉलेजातली दोन पोरं आणि वर्ध्याहून मुक्कामी आलेले बँकेतले निवृत्त काका. पाचांपेक्षा जास्त मी घेत नाही. शिकवणाऱ्याला प्रत्येकाच्या खांद्याशी उभं राहता आलं पाहिजे, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दहा माणसं उभी राहिली की पक्षी थांबत नाही.

६.१५. वावराच्या मालकाला काल संध्याकाळीच सांगून ठेवलं आहे. न विचारता कुणाच्या वावरात शिरायचं नाही, आणि नीट उजाडल्याशिवाय तुरीत पाय टाकायचा नाही. शेजारच्या राळेगाव तालुक्यात २ नोव्हेंबर २०१८ला माणसांवर हल्ले करणारी टी-१ वाघीण मारली गेली. त्याआधी त्या पट्ट्यातल्या माणसांनी वावरात जाता-येता जी धास्ती सोसली, ती इथल्या पोरांना सांगावी लागत नाही. वर्ध्याच्या काकांना मात्र सांगतो.

६.५०. सूर्य वर आला. पऱ्हाटीच्या पलीकडे गव्हाला पाणी सुरू आहे आणि ओल्या मातीत बगळे उतरलेत. अलीकडे विजेच्या तारेवर कोतवाल. आजचा सकाळचा धडा एवढाच.

शिक्षिका ताईंनी कोतवाल टिपला. पडद्यावर नुसता काळा ठिपका, डोळाही दिसेना. कॉलेजातल्या पोराने बगळा टिपला, तर पांढऱ्या चुन्याचा गोळा, एकही पीस वेगळं नाही. दोघांचेही कॅमेरे चांगले आहेत. मग झालं काय? कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या चौकटीतला उजेड मोजतं आणि त्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणू बघतं. कोतवालामागे उजळ आभाळ, म्हणून मीटरने सगळंच गडद केलं. बगळ्याभोवती आपली काळी माती, म्हणून त्याने सगळंच उजळवलं. ताईंनी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक दीडवर नेलं, पोराने उणे एकवर आणलं. दुसऱ्या खेपेला कोतवालाचा तांबूस डोळा उघडला, चोचीच्या मुळाशी असलेला पांढरा ठिपका दिसला, शेपटीच्या दुभंगावर निळसर झाक आली. ताई कॅमेरा डोळ्याला लावून कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलेलं असतं. पण काळं आणि पांढरं एकाच धुऱ्यावरून, एकाच उजेडात बघितलं की ते हातात बसतं.

८.००. कापशी घार हवेत एका जागी फडफडत थांबली. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर, फोकस सतत चालू. दुकानवाल्या तरुणाचा हात यंत्रावर बसलेला आहे, त्याला ती लगेच मिळाली. काकांना नाही मिळाली. मी त्यांना पक्ष्याकडे नाही, वाऱ्याकडे बघायला सांगतो : कापशी वाऱ्याला तोंड देऊन थांबते, म्हणजे वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील तेव्हा तिचा चेहरा समोर येतो.

९.३०. ऊन चढलं, सावल्या कडक झाल्या. परतताना मालक भेटले. "फोटो काढून राहिले का भाऊ? मंग त्या रोह्याचा काढा ना, सारी तूर खाऊन गेला." त्यांनी रोह्याचे, म्हणजे नीलगायीचे, पाय उमटलेली जागा दाखवली. तिथे आम्ही बराच वेळ थांबलो. मोडलेली तूर आणि त्यातून गेलेली खुरांची ओळ हाही वन्यजीवांचाच फोटो आहे. माझ्या मते सुबक नीलपंखापेक्षा तो आज जास्त काही सांगतो.

११.००. तर्री-पोहे झाले की खोलीचे पडदे ओढतो. प्रत्येकाने दहा फोटो द्यायचे, न कापलेले, न सजवलेले. दिवसातलं खरं शिकणं इथे होतं. पाच जण एकच कोतवाल घेऊन येतात आणि पाचही वेगळे निघतात : कुणी खाली बसला, कुणी उभ्यानेच काढला, कुणाच्या चौकटीत दुसरी तार शिरली. मी शेवटी बोलतो. आधी बाकीच्यांनी सांगायचं, नजर कुठे अडकली ते.

दुपारी १.३०. भाकर, वांग्याचं भरीत, कांद्याची पात.

२.३०. टिपेश्वरचा विषय निघतोच. जिल्ह्यातलं १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, वाघ हमखास, सगळ्यांना तिकडेच जायचं असतं. मी टी१सी१ची गोष्ट सांगतो. टिपेश्वरचा हा तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, जून २०१९मध्ये निघाला आणि वावरं, नाले, रस्ते ओलांडत तेराशेहून अधिक किलोमीटर चालून डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची बरीच वाट आपल्यासारख्यांच्या शेतांतूनच गेली. जंगलाची हद्द फाटकाशी संपत नाही, मग शिकणं तरी फाटकातून का सुरू करायचं? सफारीच्या जिप्सीत वाघ दिसला की पाच मिनिटं मिळतात, आणि त्या पाच मिनिटांत बटणं शोधत बसायचं नसतं.

४.३०. गावाबाहेरच्या तलावाच्या काठावर पालथं पडून शेकाट्या आणि धोबी टिपतो. कपडे मळतात. पण डोळ्याच्या पातळीवर आलं की पलीकडचा काठ धूसर होतो आणि पक्षी सुटा उभा राहतो. ५.४५ला सूर्य टेकला. परतीच्या वाटेवरच्या कडुनिंबात पिंगळा होता. एकाने फ्लॅश चढवला, मी उतरवायला लावला. पिंगळ्याची शिकारीची वेळ सुरू होतेय, त्याचे डोळे दिपवून मिळालेला फोटो मला नको. घरट्याचा फोटो नाही, मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावणं नाही, दुर्मीळ काही दिसलं तर जागेचा पत्ता सांगणं नाही. या तीन गोष्टींत सूट नाही.

७.३०. वह्या उघडतात. मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' मधोमध ठेवलेला असतो. प्रत्येकाने आजचे पक्षी मराठी नावांनी लिहायचे, शेजारी वेळ, झाड, पीक. रोह्याच्या वाटेचा फोटो उद्या यवतमाळला छापून मालकांना द्यायचं दुकानवाल्या तरुणाने अंगावर घेतलं. टिपेश्वरची सफारी मार्चमध्ये. तोवर प्रत्येकाने घराजवळचा एकच कोतवाल धरायचा : सकाळच्या उजेडात, भर उन्हात आणि ढगाळ दिवशी.