परमिट रूम, रेडिओ आणि पानठेला

बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी दारू मिळण्याची अधिकृत ठिकाणे साधारण चार प्रकारची असतात: देशी दारूचे दुकान, बाटली घरी न्यायची ते वाइन शॉप, फक्त बिअर विकणारी बिअर शॉपी आणि टेबल-खुर्ची मांडून ग्लासात दारू देणारी परमिट रूम. मुंबई-पुण्यात ज्याला पब म्हणतात, जिथे कोपऱ्यात कुणी गिटार वाजवतो आणि पलीकडे दोघे जण एका ग्लासावर तासभर बोलत बसतात, तो प्रकार इथे रुजला नाही. गावे लहान आणि पैसा बेताचा, हे कारण अर्धेच खरे आहे. खामगाव, मलकापूर, चिखली या बाजारपेठांत खर्च करणारा माणूस पूर्वीही होता, आजही आहे. गाण्याची आणि गप्पांची हौस तर वऱ्हाडात कधीच कमी नव्हती. महाराष्ट्रात बार ही जागा कायद्याने घडवली आणि तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ना गाणे होते, ना गप्पा. म्हणून या दोन्ही गोष्टी दुसरीकडे बिऱ्हाड करून राहिल्या.

हा कायदा म्हणजे 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम. तो झाला तेव्हा बुलढाणा मुंबई राज्यात नव्हताच. जिल्हा जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडातला आणि त्या प्रांताने 1938 मध्येच स्वतःचा दारूबंदी कायदा केला होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये मुंबईचा कायदा इकडेही लागू झाला. 2012 मध्ये त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे झाले, सांगाडा मात्र तोच राहिला. गंमत अशी की राज्यातला प्रत्येक बार आजही दारूबंदीच्या कायद्याखाली चालतो. या कायद्यात बंदी हा नियम आहे आणि परवाना हा अपवाद.

कडक बंदीच्या काळात परवाना मिळे तो परदेशी पाहुण्यांना किंवा प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असे डॉक्टरचे सर्टिफिकेट आणणाऱ्यांना. महिन्याला किती युनिट घ्यायची तेही ठरलेले. अशा परवानाधारकांसाठी हॉटेलात राखून ठेवलेली खोली म्हणजे परमिट रूम. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना (1963 ते 1975) बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि 1970 च्या दशकात देशी दारूची परवानाधारक दुकानेही आली. आता एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपयांत आणि देशीसाठी दोन रुपयांत मिळतो. वर्षाचा शंभर रुपयांना, आजन्म हजार रुपयांना. बिअरसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. गल्ल्यावर परवान्याचे पुस्तक असते आणि पाच रुपये बिलात धरले जातात. गिऱ्हाईक तो कागद वाचत नाही आणि मालकही वाचायला लावत नाही. कागदावर हा माणूस अजूनही सवलत घेऊन पिणारा आहे. खोलीची मांडणीही तशीच राहिली.

ती मांडणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. दाराला काळी काच किंवा जाड पडदा, आत दिवसाही ट्यूबलाइट. खिडकी असलीच तर कुलरने बुजवलेली. टेबलावर सोड्याची बाटली, बर्फाचे भांडे आणि चकणा: फुटाणे, खारे शेंगदाणे, काकडी-टोमॅटो, फार तर मसाला पापड किंवा उकडलेली अंडी. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर क्रिकेट नाहीतर गाण्यांचे चॅनल, आवाज वेटरच्या मर्जीने. मागच्या बाजूला पार्टिशन घालून ‘फॅमिली रूम’, तिथे बहुतेक वेळा दारू न घेणारी कुटुंबे जेवतात. मुख्य हॉलमध्ये बाई दिसणे दुर्मीळच. अशा खोलीत शिरणारा माणूस लवकर उरकून बाहेर पडायच्या बेताने बसतो. आपल्याला कुणी पाहू नये, ही त्याची पहिली गरज असते आणि खोली ती नीट भागवते. निवांत बोलण्यासाठी मात्र जागेला थोडा उजेड आणि थोडी उघडीक लागते, आणि इथे नेमकी त्याचीच वाण आहे.

गाण्याची वाट याहून वेगळी आहे आणि जास्त मजेशीर. स्वातंत्र्यापूर्वी आणि त्यानंतरची काही वर्षे मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत आणि क्लबांत जॅझचे बँड वाजत. वादकांमध्ये गोवेकर पुष्कळ. अंतोनियो झेवियर वाझ हा ट्रंपेटवादक तर ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमहाल हॉटेलात गाजला. दारूबंदीने रात्रीच्या या धंद्याला ओहोटी लावली. वादक पोटापाण्यासाठी चित्रपटांच्या स्टुडिओंत अधिकाधिक रमू लागले. तिथे त्यांना पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्यासारखे संगीतकार भेटले. 1951 च्या ‘अलबेला’तल्या गाण्यांचा जो उडता ठेका आहे, त्यात चिक चॉकलेटचा हात आहे. म्हणजे क्लबातले संगीत क्लबातून उठून सिनेमात गेले आणि सिनेमातून रेडिओवर.

रेडिओवरही त्याला सुखाने बसू दिले नाही. 1952 मध्ये केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. मग देशभरचे कान रेडिओ सिलोनकडे वळले, ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोहोचली आणि शेवटी आकाशवाणीलाच 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. या सगळ्या काळात तालुक्याच्या गावी गाणे ऐकण्याची सार्वजनिक जागा होती ती चहाचे हॉटेल. रेडिओ संच महाग, त्याला लायसन्सही लागे. घरात नसला तरी हॉटेलात असे. गल्ल्यामागच्या फळीवर भरतकामाचा रुमाल पांघरलेला संच, त्याला चालू करण्याचा हक्क फक्त मालकाचा. दोनात तीन चहा सांगून तासभर बसणाऱ्याला कुणी उठवत नसे. मोठ्या शहरांतल्या इराणी हॉटेलांत नाणे टाकून गाणे लावण्याचे ज्यूकबॉक्स आले. वऱ्हाडात ती चैन नव्हती, फर्माईश थेट मालकाकडे. पुढे टेपरेकॉर्डर आला, कॅसेटी आल्या आणि गावातल्या हॉटेलांच्या आवडीनिवडी वेगवेगळ्या झाल्या. कव्वाली कुठल्या हॉटेलात, भीमगीते कुठल्या आणि मुकेशची रडकी गाणी कुठल्या, हे ऐकणाऱ्यांना पाठ असे.

मराठी भावगीताच्या जन्माशी तर या जिल्ह्याचे थेट नाते आहे. कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म 1909 चा, सिंदखेडराजाचा. वकिली केली मेहकरला आणि आयुष्यही तिथेच काढले. त्यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशी यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती इतकी खपली की भावगीत नावाचा प्रकार महाराष्ट्रात उभा राहिला. लिहिणारा वकील, गाणाराही वकील. देशपांड्यांना 1986 मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बसून ऐकायचे, हळू आवाजातले, बोलण्याच्या जवळचे गाणे पबमध्ये शोभते म्हणतात. तसे गाणे मराठीत आणणारा कवी ज्या मेहकरात राहिला, तिथे ते ऐकत चार माणसांनी निवांत बसावे अशी जागा संध्याकाळी शोधावी लागते. याला दुर्दैव म्हणायला हरकत नाही.

बारमध्ये गाणे आणायचे प्रयत्न राज्यात झाले नाहीत असे नाही, पण ते दुसऱ्याच वळणावर गेले. डान्स बारवर 2005 मध्ये बंदी आली, ती न्यायालयात रद्द ठरली, पुन्हा आली, 2016 मध्ये नवा कायदा झाला आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अनेक अटी काढून टाकल्या. ऑर्केस्ट्रा बारचे प्रकरण वेगळे. तिथे मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष असा कोटा घातलेला होता. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-पुरुषांचा हा वाटा घटनाबाह्य ठरवला आणि एकूण आठ कलाकारांची मर्यादा तेवढी राहू दिली. या सगळ्या खटल्यांत गाणाऱ्या बाईची लाज, अब्रू, रोजगार यांवर पानेच्या पाने आहेत. गाणे ऐकायला कसे वाटते हा प्रश्न कुणाच्याच कामाचा नव्हता. छोट्या बारमालकाचा हिशोब आणखी सरळ असतो. गायक बसवायचा तर परवाना लागतो, रेकॉर्ड केलेले गाणे लावायचे तर संगीत कंपन्यांच्या आणि गीतकार-संगीतकारांच्या संस्थांचे शुल्क भरावे लागते, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. त्यापेक्षा टीव्ही स्वस्त.

बार कुठे असावा, हेही पुढे न्यायालयानेच ठरवले. जिल्ह्याच्या उत्तर भागातून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. जुना क्रमांक 6, आता 53; मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे त्याच्यावर. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर ठरले आणि 2017 मध्ये नगरपालिका हद्दींना मोकळीक मिळाली. त्या काही महिन्यांत महामार्गावरच्या बारांना कुलपे लागली, कुणी मागच्या गल्लीत दार काढले.

महामार्गावरचा ढाबा मात्र परमिट रूमसारखा कोंदट नाही. बाजेवर बसून मोकळ्या हवेत जेवण, वर आभाळ, समोर शेत: गप्पांना यापेक्षा चांगली जागा नाही आणि जिल्ह्याच्या या सखल भागातल्या उन्हाळ्यात तर रात्री हीच जागा सुसह्य. अडचण एकच. परवाना नसलेल्या ढाब्यावर बाहेरून आणलेली बाटली उघडणे हा गुन्हा आहे. कायद्याचे कलम 68 अशी जागा चालवणाऱ्या मालकाला लागते आणि कलम 84 तिथे पिणाऱ्याला. ‘आपण फक्त बसलो होतो’ हा बचाव पोलीस ठाण्यात फारसा चालत नाही.

दारूच्या जागेबद्दल गावातल्या बायांचे मत काय, हेही कायद्याला विचारावे लागते. 2008 च्या आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येते आणि निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे बंदीच्या बाजूने, पडली तर दुकान बंद होते. हा राग समजण्यासारखा आहे. परमिट रूममध्ये आणि देशीच्या दुकानात त्यांना जागा नाही. तिथून येतो तो फक्त रिकामा खिसा आणि भांडण. संगीताची, गप्पांची, दोघांनी मिळून जायची जागा म्हणून बार त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी विदर्भाच्या गावागावांत व्यसनाविरुद्ध जे काम केले, तेही गाण्याच्याच बळावर. खंजिरीच्या भजनाने माणसे रात्री एकत्र बसवली, हसवली आणि मधेच कान उपटले. संध्याकाळी पुरुषमाणसाला दारूशिवाय जायला जागा हवी, हे त्यांना नेमके कळले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या आदिवासी वस्त्यांमध्ये मोहाच्या दारूचे स्थान पुन्हा निराळे. तिथे ती सणात आणि लग्नात, स्त्री-पुरुषांच्या समोर, नाचगाण्यासोबत येते. पडद्याआडच्या खोलीची तिथे गरजच पडत नाही.

मग बुलढाण्याच्या माणसाने गप्पांसाठी जायचे कुठे? उत्तर रोज रात्री नऊनंतर चौकात दिसते. पानठेला. दोन बाकडी, एक मिणमिणता दिवा, चुना-कात लावत कान उघडे ठेवणारा मालक. सोयाबीनच्या भावापासून तिकीटवाटपापर्यंत सगळे विषय इथे निघतात, कुणी मोठ्याने बोलत नाही, कारण शेजारी घरे आहेत. थंडीत शेतावरची हुरडा पार्टी असते. आगटीभोवती बसून गरम हुरडा, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, आणि गाणारा एखादा असतोच. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या यात्रेला लोटणारी गर्दी, नाहीतर शेगावच्या वारीतली भजनी दिंडी, या संगीताच्या मोठ्या बैठकीच आहेत. तिकीट नाही, आणि बसणाऱ्याचा परवानाही कुणी विचारत नाही.

मोठ्या शहरांचा अनुभवही फार वेगळे सांगत नाही. मुंबईत अरुण कोलटकर काळा घोड्याच्या ‘वेसाइड इन’मध्ये वर्षानुवर्षे बसले, 2004 मधला ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह त्या खिडकीतून दिसलेल्या रस्त्याचा. ती जागा उजेडाची होती आणि रस्त्याकडे तोंड करून होती. पणजीच्या फोंतेन्हासमधली जुनी ताव्हेर्ने अशीच अरुंद, पण दार सताड उघडे. उभ्यानेच फेणीचा ग्लास आणि शेजाऱ्याशी दोन शब्द. गोव्यात दारू बंदीच्या कायद्याखाली विकली जात नाही, म्हणून तिथे लपायची सवय लागली नाही.

बुलढाण्यात एखाद्याला बरी जागा काढायची असेल तर गिटारवाला आणायची घाई करू नये. आधी काळी काच काढावी, टीव्ही बंद करावा, फॅमिलीचे पार्टिशन पाडावे आणि लिंबू सरबत घेणाऱ्यालाही तेवढ्याच आदराने टेबल द्यावे. गिऱ्हाइकानेही एवढे करावे: वेटरला पहिली ऑर्डर देताना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगावा. सांगितला तर तो करतो.