बोर्ड वाचून गिऱ्हाईक थांबलं पाहिजे!

सख्यांनो, प्रदर्शनात स्टॉल लावला की आपण बोर्डावर काय लिहितो? 'शुद्ध, घरगुती, स्वादिष्ट'. शेजारच्या दहा स्टॉलवरही तेच! गिऱ्हाईक वाचतं आणि पुढे जातं. माल उत्तम असूनही संध्याकाळी पेट्या परत भराव्या लागतात. गटाचं कर्ज आणि आपली मेहनत, दोन्ही अडकून पडतं.

असं का होतं? रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे आपलंही लक्ष जात नाही. पण दारात नवीन माणूस दिसला की मान लगेच वळते. शिवाय अर्धी गोष्ट कळली की उरलेली कळेपर्यंत चैन पडत नाही. जाहिरातीत हेच वापरायचं.

समजा, आपली जवसाची चटणी आहे. बोर्डावर लिहा, 'शेंगदाणा नाही, खोबरं नाही, तीळही नाही. मग ही चटणी कशाची? चाखून ओळखा!' माणूस थांबेल, चमचाभर चाखेल, अंदाज सांगेल. बोलणं सुरू झालं की विक्रीची वाट मोकळी झाली.

व्हॉट्सॲपवरही जमतं. पहिल्या दिवशी झाकलेल्या पातेल्याचा फोटो टाका, 'आत काय शिजतंय?' दुसऱ्या दिवशी झाकण उघडा. पदार्थाचं नाव, वजन, किंमत आणि गटाचा फोन नंबर द्या. उत्तर फार लांबवू नका, लोक कंटाळतात.

पण सगळंच रोज बदलायचं नाही. अमूल लोण्याची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी 1966 पासून फलकांवर आहे. मुलगी तीच, पण चालू घडामोडींवरचं तिचं बोलणं सतत नवं. म्हणून लोक तिला ओळखतातही आणि आज काय म्हणते ते वाचतातही. तसंच गटाचं नाव, रंग आणि चिन्ह कायम ठेवा. वाक्य मात्र सणावाराप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोडं बोर्डावर घाला, पाकिटावर नको. पाकिटावर सगळे घटक, वजन, किंमत, तारीख आणि एफएसएसएआय क्रमांक स्पष्ट हवा. एखाद्याला तीळ किंवा शेंगदाणा सोसत नाही, त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. 'ही चटणी खा, शुगर पळवा' असलं तर मुळीच लिहू नका. खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि दंड नाही झाला, तरी एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. ते चार जणींना सांगतं, ते वेगळंच.

पुढच्या मासिक बैठकीत हे करून बघा. प्रत्येकीने आपल्या मालासाठी एकेक वाक्य लिहून आणायचं. मग ते गटाबाहेरच्या एखाद्या बाईला वाचून दाखवायचं. तिने "म्हणजे काय गं?" असं विचारलं आणि तुमचं खरं उत्तर ऐकून "दे बरं एक पाकीट" म्हणाली, तर वाक्य जमलं. नुसतं "छान आहे" म्हणाली, तर पुन्हा लिहा!