‘निःशब्द’ पिकअप : विद्युत्-गिटार, बेंजो आणि एक संज्ञा

लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या विद्युत्-गृहात पडू लागले ते १९१५ साली. भिवपुरीचे विद्युत्-गृह त्यानंतर, १९२२ साली, चालू झाले. तेव्हाच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली, ही गोष्ट औद्योगिक इतिहासात नमूद आहे. त्या विजेचा एक उपद्रव मात्र इतिहासकारांच्या नव्हे, तर वादकांच्या कानी पडतो. आपल्याकडील विद्युत्प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो. आणि लग्नाच्या मांडवात किंवा गणपतीच्या मिरवणुकीत गिटारची वा बेंजोची तार छेडण्यापूर्वीच कर्ण्यातून जी अखंड घरघर ऐकू येते, ती याच आवर्तनांची होय. वादक तिला ‘हम’ किंवा ‘हमिंग’ म्हणतात. तिच्यावर उतारा म्हणून बाजारात ‘नॉइझलेस’ व ‘ॲक्टिव्ह’ अशी दुहेरी बिरुदे मिरविणारी पिकअप मिळतात. ही बिरुदे नेमके काय सांगतात व काय सांगत नाहीत, याचा येथे विचार करावयाचा आहे.

‘बेंजो’ या नावाविषयी प्रथम थोडे सांगणे अवश्य आहे. कोकणातील बेंजो पार्टीत वाजणारे वाद्य हे अमेरिकेतील कातडे मढविलेले बॅंजो नव्हे. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ साली तयार केलेल्या ‘ताइशोगोतो’ या जपानी वाद्याचा तो वंशज असून, ‘बुलबुलतरंग’ हे त्याचे दुसरे नाव. टंकलेखनयंत्रासारख्या कळा, त्यांखाली पोलादी तारा, आणि शेजारी सतत एकच स्वर धरणाऱ्या साथीच्या तारा, अशी त्याची रचना आहे. नाव एका वाद्याचे व देह दुसऱ्याचा, असा हा प्रकार अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकास नवा नाही. प्रस्तुत विषयापुरते महत्त्व इतकेच की, तारा पोलादी असल्यामुळे गिटारचे चुंबकीय पिकअप या वाद्यासही चालते.

पिकअपचे तत्त्व फॅरडेने १८३१ साली प्रस्थापित केलेले आहे. लोहचुंबकाभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे आठेक हजार वेढे घातलेले असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात अल्पसा विद्युद्दाब निर्माण होतो. जॉर्ज बोशांप यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी हे तत्त्व गिटारास यशस्वीपणे लावले. परंतु वेटोळ्यास तारेचे क्षेत्र कोणते व शेजारच्या रोहित्राचे क्षेत्र कोणते, हा विवेक नाही. जे क्षेत्र बदलते ते सर्व त्याच्या लेखी सारखेच. म्हणून ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतील १००, १५० या कंपनसंख्या स्वरांबरोबरच आत शिरतात. गिटारची सर्वांत खालची तार ८२.४ हर्ट्झची, तिच्या तिसऱ्या पडद्यावरील स्वर ९८चा, चौथ्यावरील १०३.८चा. १०० हर्ट्झची घरघर या दोहोंच्या मध्ये पडते; म्हणजे ती वाद्याच्या स्वरक्षेत्रातच घुसते आणि वर बेसूरही असते.

या घरघरीवरचा अभिजात उपाय गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली एकस्वासाठी मांडला. त्यात दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात. दुसऱ्याचे वेढे विरुद्ध दिशेचे, आणि त्याच्या चुंबकाचे ध्रुवही उलट. बाहेरून येणाऱ्या घरघरीचा चुंबकाशी संबंध नाही. तिच्या वाट्यास वेढ्यांचा एकच नकार येतो, म्हणून दोन वेटोळ्यांतील घरघर परस्परविरुद्ध होऊन लोप पावते. तारेचा स्वर मात्र चुंबकावर अवलंबून असतो. त्यास ध्रुवांचा एक आणि वेढ्यांचा एक असे दोन नकार लागतात, आणि व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असल्याप्रमाणे दोन नकारांचा होकार होतो. दोन्ही वेटोळ्यांतील स्वर म्हणून एकमेकांत मिळतात. यंत्रशास्त्रात इतकी स्वच्छ वाक्यरचना क्वचितच आढळते.

या रचनेची किंमत स्वरगुणात द्यावी लागते. तारेचे कंपन दोन ठिकाणी टिपले गेल्याने काही उच्च स्वरांश कापले जातात, आणि वेढे वाढल्याने आवाजाची धार बोथट होते. एका वेटोळ्याचा काचेसारखा स्वच्छ स्वर हवा, पण घरघर नको, या मागणीतून पुढे ‘नॉइझलेस’ म्हणून विकली जाणारी पिकअप निघाली. त्यांतील पुष्कळांत वेटोळी शेजारी नसून एकाखाली एक असतात. वरचे तार ऐकते. खालचे तारेपासून दूर असल्याने मुख्यतः घरघरच ऐकते व ती वजा करते. ते तारही थोडी ऐकते, त्यामुळे स्वरातूनही काही अंश वजा होतो.

तो अंश भरून काढण्याची सोय ‘ॲक्टिव्ह’ या विशेषणात आहे. रॉब टर्नर यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या, पुढे ईएमजी या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने या प्रकारास लौकिक मिळवून दिला. वेढे कमी घ्यावयाचे, आणि क्षीण झालेला संकेत पिकअपच्या पोटातच बसविलेल्या, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या विवर्धकाने वाढवावयाचा, ही त्यातील युक्ती. तिचा दुसरा लाभ लांब केबलवर दिसतो. साध्या पिकअपचे वेटोळे आणि केबलची विद्युत्-धारिता मिळून एक अनुनादी मंडल बनते. २.५ हेन्रीच्या वेटोळ्यास एकूण ५०० पिकोफॅरडची धारिता जोडली, तर अनुनाद ४,५०० हर्ट्झच्या आसपास पडतो. केबल लांबवून ती १,१०० केली की तो ३,००० वर घसरतो व वाद्य मंदावल्यासारखे वाटते. विवर्धक मध्ये आला की केबलच्या लांबीचा हा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. फिशमन कंपनीच्या २०१४ सालच्या ‘फ्लुएन्स’ पिकअपमध्ये तर गुंडाळलेल्या तारेची जागा एकावर एक रचलेल्या मुद्रित मंडलांनी घेतली आहे.

‘ॲक्टिव्ह’ला ‘सक्रिय’ म्हटल्यावर जुन्या पिकअपला ‘निष्क्रिय’ म्हणणे ओघाने येते. पण ते अन्यायाचे आहे. बॅटरीच्या आधाराविना केवळ तारेच्या हालचालीतून वीज उत्पन्न करणारे ते साधन निष्क्रिय कसे? ‘नॉइझलेस’चे भाषांतर त्याहून अवघड. ‘निःशब्द’ किंवा ‘नीरव’ हे शब्द वाद्याच्या बाबतीत हास्यास्पद ठरतात, आणि मराठीतील ‘आवाज’ गायकाच्या गळ्यापासून जनित्राच्या धडधडीपर्यंत सर्वांस पुरतो. शॅननच्या १९४८ सालच्या संदेशवहन-सिद्धांतात ‘नॉइझ’ ही संज्ञा अभिप्रेत संदेशाच्या अपेक्षेनेच अर्थ घेते. बेंजोच्या साथीच्या तारांचा स्वर अखंड असतो, घरघरही अखंड असते. पहिला हवासा, दुसरी नकोशी, एवढाच भेद. या दृष्टीने ‘घरघरनिवारक’ हा शब्द थोडा बोजड असला तरी अधिक प्रामाणिक होय. कारण ही पिकअप एका विशिष्ट मार्गाने येणारी घरघरच निवारतात.

तो मार्ग चुंबकीय क्षेत्राचा. दुसरा मार्ग विद्युत्-क्षेत्राचा: प्रकाश मंद करणारी उपकरणे व एलईडी दिव्यांचे पुरवठे यांचा चरचराट वाद्यातील उघड्या जोडण्यांवर बसतो. तो वाद्याच्या पोकळीस तांब्याच्या पत्र्याचे अस्तर लावून अल्प खर्चात पुष्कळसा अडविता येतो. तिसरा मार्ग अर्थिंगचा. दोन विवर्धक वेगवेगळ्या ठिकाणी भूमीशी जोडले गेले, तर त्यांच्यामधील केबलच्या जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो, आणि त्यापुढे सर्वांत महाग पिकअपही निरुपयोगी ठरते. तेव्हा पिकअप विकत घेण्यापूर्वी घरघर कोणत्या मार्गाने येते, हे ठरविणे भाग आहे. वाद्य हाती धरून जागच्या जागी फिरविले असता घरघर कमीजास्त होत असेल तर ती चुंबकीय. तारांना हात लावताच उतरत असेल तर ती विद्युत्-क्षेत्राची. आणि वाद्याची केबल काढल्यावरही राहत असेल तर वाद्य निर्दोष समजावे.

पिकअप बदलताना ध्वनिनियंत्रणाचे २५० वा ५०० किलोओहमचे जुने रोधक काढून २५ किलोओहमचे बसवावे लागतात, अन्यथा खुंटी हळूहळू न फिरता कळीसारखी एकदम चालू-बंद होते. केबल खोचताच बॅटरी जोडली जाते. वादन संपल्यावर ती काढली नाही तर बॅटरी रात्रभर झिजते. बेंजोच्या सुरावटीच्या तारा एकमेकींना अगदी लगत असतात, गिटारच्या पिकअपमधील सहा सुटे खिळे सुमारे एक सेंटिमीटरच्या अंतराने; म्हणून खिळ्यांऐवजी अखंड पट्टी असलेले पिकअप त्यास अधिक जुळते.

एक बदल मात्र विक्रेते क्वचितच सांगतात. साध्या गिटारमध्ये तारा मुद्दाम केबलच्या जाळीशी, म्हणजे विवर्धकाच्या धातूच्या पेटीशी, जोडलेल्या असतात. वादकाचे शरीर घरघरीविरुद्ध पडद्याचे काम करते. पेटीत दोषाने वीज उतरली, तर तीच तार वादकाच्या जिवावर उठते. स्वान्सी येथे १९७२ साली लेस्ली हार्वे हा गिटारवादक मंचावर भूसंपर्क नसलेल्या मायक्रोफोनास हात लागून मृत्यू पावला. भाद्रपदातील ओल्या रस्त्यावर, हातगाडीवरील जनित्राच्या शेजारी वाजविणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. ईएमजीसारख्या सक्रिय पिकअपमध्ये तारांची ही जोडणी अनावश्यक असते व ती तोडून टाकण्याची सूचना निर्माते स्वतः देतात. या दोन तालुक्यांतील वादकासाठी घरघर थांबण्याइतकाच, किंबहुना अधिक, मोलाचा लाभ हा आहे. तथापि धातूच्या खुंट्या व केबलचे टोक जाळीशी जोडलेलेच राहते. म्हणून जनित्राचा न्यूट्रल व सांगाडा भूमीशी जोडलेला असणे आणि मांडवाच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक असणे, या गोष्टी पिकअपच्या आधी पाहावयाच्या. न्यूट्रल भूमीशी जोडलेला नसेल, तर तो गळतीरोधकही वेळेवर तुटेलच असा भरवसा नसतो.