दुपारचं गणित सकाळीच!

मुलांनो, २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. चार तासांत सुमारे १०० मिलिमीटर पाऊस! अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. असा पाऊस नेमका कुठे कोसळणार, हे आधी कळलं तर?

त्यासाठी संगणक आकाशाचे खण पाडतो. प्रत्येक खणातला वारा, दाब, तापमान, बाष्प घेऊन काही क्षणांनंतरची स्थिती काढतो. मग तिच्यावरून पुढची. २०२५ मध्ये सुरू झालेल्या, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी घडवलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’चा खण ६ किलोमीटरचा आहे. आधीच्या १२ किलोमीटरच्या खणात जरीपटका आणि सोनेगावचा विमानतळ एकत्र मावू शकत होते. आता नाही.

पण खण लहान केला की वेळेची पायरीही लहान करावी लागते. नाहीतर वारा एका पायरीतच खण ओलांडून पळतो आणि हिशेब कोसळतो! म्हणजे पायऱ्या वाढल्या.

खणांची वाटणी सोपी. नागपुरातच इंजिनिअर झालेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात अनेक प्रोसेसर एकाच वेळी राबत. पण वेळ कशी वाटणार? सकाळचं उत्तर आल्याशिवाय दुपारचं गणित मांडायचं कसं?

२००१ मध्ये लियाँस, मादे आणि तुरिनिची या तीन गणितज्ञांनी एक युक्ती सुचवली: ‘पॅरारिअल’. समजा, तुम्ही चौघं मित्र आहात आणि दिवसाचे सहा-सहा तास वाटून घेतलेत. आधी एकाने मोठमोठ्या पायऱ्यांनी चटकन कच्चा अंदाज काढायचा. त्यावरून चौघांनी एकदमच बारीक गणित सुरू करायचं. मग सांधे तपासायचे. पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो का? नसेल तर फरक पुढे कळवून पुन्हा बसायचं. दोन फेऱ्यांत जुळलं तर चांदी! चार लागल्या तर मात्र वेळ काहीच वाचला नाही.

आणि इथेच वारा खोडी काढतो. तव्यावर उष्णता पसरते तशा गणितात ही युक्ती झटपट लागू पडते, कारण तिथे चुका आपोआप विरतात. हवेतल्या लाटा मात्र चुकाही सोबत घेऊन धावतात! कच्च्या अंदाजात लाट जरा मागे राहिली, की फेऱ्या वाढत जातात. म्हणून रोजचा अंदाज अजून पायरीपायरीनेच निघतो. लाटेची चाल न चुकवणारा कच्चा अंदाज कसा काढावा, यावर गणितज्ञ डोकं खाजवताहेत.