समितीवरचा वाद: दाद मागायचा हक्क कोणाला?

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थेत समितीच्या निवडणुकीचा वाद दिवाणी न्यायालयात नेता येत नाही. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 नुसार तो सहकार न्यायालयापुढे चालतो, आणि तिथे पहिला प्रश्न असतो तो तुम्ही सभासद आहात का, हा. वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूला हा हक्क नाही. फ्लॅट विकत घेतला, पण सभासदत्वाचा अर्जच पडून आहे, अशांची अवस्था सर्वांत बिकट. त्यांना मत देता येत नाही, उभे राहता येत नाही. त्यांनी निवडणुकीआधीच निबंधकाकडे सभासदत्वासाठी दाद मागावी. निकालानंतर धावाधाव करून फार थोडे हाती लागते.

निवडून आलेला सदस्य थकबाकीदार असल्यासारखी अपात्रतेची तक्रार मात्र निबंधकाकडे करायची असते. निवडणूक रद्द करून घेणे आणि सदस्याला अपात्र ठरवणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. त्या न ओळखल्याने कित्येकांची मुदत निघून जाते, याचे वाईट वाटते.

आणि हो, तुमची इमारत 1970 च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली असेल, तर ती सहकारी संस्था नव्हे. आधी घोषणापत्र आणि उपविधी काढून वाचा.